बारा हजारचा दगड तूर्त कपाटात ठेवा

पत्र :
सर, नमस्कार. मी चिपळूणचा, वय 34. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा दाढीचा वस्तरा सापडला. पात्यावर ‘सोलिंगेन’ कोरलंय, मूठ हस्तिदंतासारखी पिवळसर आहे, मुठीजवळ गंजाचे ठिपके आहेत. व्हिडिओ बघून घरीच धार लावायची ठरवली. 1000 नंबरचा आणि 12000 नंबरचा असे दोन दगड, चामड्याचा पट्टा आणि हिरवी पेस्ट मागवली. महिनाभर रात्री जेवणं झाली की हेच चाललंय. सुरीला लावतो तशी पात्यावर बोटं दाबून नीट धार लावतो. हातावरचे केस सपासप जातात, पण गालाला लावला की वस्तरा नुसता ओढतो, डोळ्यांत पाणी येतं. आता 16000 चा दगड घ्यावा का? बायको म्हणते, दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे द्या आणि विषय संपवा. बाबा सांगतात, आजोबा वस्तरा तळहातावर घासायचे. हे खरं असेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर :
नमस्कार. 16000 चा दगड घेऊ नका. खरं तर 12000 चासुद्धा तूर्त कपाटात ठेवा. दगडाचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. तुमचं घोडं 1000 वरच अडलंय, आणि पुढे कितीही पैसे ओतले तरी ते तिथेच अडून राहणार.

धार म्हणजे दोन उतार जिथे एकमेकांना भेटतात ती रेघ. 1000 चा दगड पोलाद खातो, दोन्ही बाजूंचे उतार घासत घासत त्यांची गाठ घालून देतो. त्यापुढचे सगळे दगड फक्त 1000 ने पाडलेले ओरखडे पुसत जातात. उतार भेटलेच नसतील तर 12000 वर तासभर घासून तुम्हाला आरशासारखं चकचकीत पण बोथट पातं मिळेल. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय असं पत्रावरून दिसतं. हातावरचे केस जातात म्हणून तुम्ही फसलात. ते केस 1000 वरून उतरलेल्या खरबरीत धारेनेही जातात. शिवाय पात्याचा मधला इंचभर भाग चांगला झाला असेल आणि नेमका तोच तुम्ही मनगटावर फिरवत असाल, तर टाच (पात्याचा मुठीकडचा भाग) आणि टोक बोथट असल्याचा पत्ताच लागत नाही. गालाला मात्र अख्खं पातं लागतं.

खात्री करायला काही विकत आणायला नको. खोलीतले बाकीचे दिवे मालवा, टेबललॅम्प लावा आणि वस्तरा धार वर करून त्याखाली धरा, सरळ धारेकडे बघत. पातं हळूहळू पुढेमागे कलतं करा. लागलेली धार प्रकाश परतवत नाही, ती दिसतच नाही. जिथे पांढरी रेघ किंवा चमकता ठिपका दिसेल, तिथे धार नाही. गंजाचा खड्डा धारेपर्यंत पोचला असेल तर तोही इथेच चमकेल. मग काळा परमनंट मार्कर घ्या, दोन्ही बाजूंच्या उतारांवर धारेपर्यंत फिरवा, वाळू द्या, आणि 1000 च्या ओल्या दगडावर हलक्या हाताने दोन-तीन फेऱ्या मारा. शाई कुठे गेली, कुठे उरली, ते भिंगातून बघा. कारखान्याच्या टूलरूममध्ये आम्ही निळा रंग लावून दोन पृष्ठभाग कुठे टेकतात ते बघायचो, तीच ही रीत. पैज लावून सांगतो, उताराच्या मागच्या भागातली शाई पुसलेली असेल आणि अगदी धारेलगत केसाएवढी काळी रेघ तशीच असेल. म्हणजे महिनाभर दगड धारेला लागलेलाच नाही.

तो का लागला नाही, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ‘बोटं दाबून’.

सुरीचा कोन आपण मनगटाने धरतो. वस्तऱ्याचा कोन तो बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेला असतो. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांचं प्रमाण असं असतं की पातं दगडावर आडवं टाकलं, पाठ आणि धार दोन्ही टेकल्या, की दोन्ही बाजू मिळून साधारण 16-17 अंशांचा कोन आपोआप होतो. म्हणून पाठ कधीही, एका फेरीपुरतीसुद्धा, दगडावरून उचलायची नाही. पण सोलिंगेनचे, म्हणजे पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या जर्मन शहराचे, बरेचसे वस्तरे दोन्ही बाजूंनी पोखरून इतके पातळ केलेले असतात की नखाने टिचकी मारली तर पातं किणकिणतं. अशा पात्यावर बोट दाबलं की ते मधे वाकतं, दगड धारेच्या मागचा भाग खातो आणि धार स्वतः किंचित वर उचलली जाते. जितकं दाबाल तितके तिच्यापासून लांब जाल. सुरीच्या सवयीने हात दाबायलाच बघणार, ती सवय इथे मोडावी लागेल. दुसऱ्या हाताची बोटं पात्यावर ठेवूच नका. शेपटी (पात्याचा मागचा अरुंद दांडा) आणि मूठ यांच्या सांध्याजवळ अंगठा आणि पहिली दोन बोटं, बस्स. 1000 वर सुरुवातीला पात्याच्या वजनापेक्षा थोडा जास्त भार चालेल, शेवटच्या फेऱ्यांना नुसतं वजन.

सुरीची आणखी एक सवय सोडा. सुरीला आपण एका बाजूने घासत राहतो, दुसऱ्या बाजूला बर, म्हणजे पोलादाची वळलेली बारीक कड, आली की उलटतो. वस्तऱ्याला मोठी बर येऊ द्यायची नाही. ती पुढे तुटते आणि जाताना चांगली धार घेऊन जाते. दगडावर धार पुढे ठेवून ढकलायचं, टोकाशी पोचलं की पाठीवर उलटायचं, आणि धार पुढे ठेवूनच परत यायचं. एक फेरी इकडची, एक तिकडची. सुरुवातीला उतार फारच मागे असतील तर एका बाजूला वीसेक छोट्या गोल फेऱ्या, मग तेवढ्याच दुसऱ्या बाजूला, असं करायला हरकत नाही. पण शेवट सरळ, आलटून पालटून मारलेल्या फेऱ्यांनीच करा. तुमचा दगड रुंद असला तरी फेरी जराशी तिरकी मारा. टाचेपासून सुरू करून टोकाशी संपवायची, म्हणजे पात्याचा प्रत्येक भाग दगडाच्या प्रत्येक भागाला लागतो. धार सरळ नसून मधे किंचित बाहेर आलेली असेल, तर फेरी मारताना टाचेकडून टोकाकडे भार हलकेच सरकवत न्यावा लागेल. आणि मधे आत गेलेली असेल, तर आधी कोणीतरी वाकड्या दगडावर घासून घासून ती बिघडवलेली आहे. तसं दिसलं तर पुढे जाऊ नका, मला फोटो पाठवा.

काम जमतंय की नाही ते पाणी सांगतं. दगडावर पाण्याचा पातळ थर ठेवा आणि फेरी मारताना धारेच्या पुढे बघा. धार दगडाला नीट टेकली असेल तर पाणी तिच्याखाली शिरू शकत नाही, ते पात्यावर चढतं आणि टाचेपासून टोकापर्यंत सलग, छोट्या लाटेसारखं सरकतं. धार उचललेली असेल तिथे पाणी मुकाट्याने खालून निघून जातं. एकदा ही लाट ओळखता आली की फेऱ्या मोजायची गरज उरत नाही. ‘अमुक दगडावर इतक्या फेऱ्या’ सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. दर थोड्या वेळाने दिवा आणि मार्कर, हाच हिशेब. टाच, मधला भाग, टोक, तिन्ही ठिकाणी धार दिव्याखाली अदृश्य होईपर्यंत 1000 सोडायचा नाही. त्यात दोन रात्री गेल्या तरी जाऊ द्या.

त्याआधी दगड सपाट आहे का ते बघा. नवाकोरा दगडही सपाट असतोच असं नाही, आणि महिनाभर मधेच घासलेला तर नक्कीच खोलगट झाला असणार. काचवाल्याकडून जाड काचेचा उरलेला तुकडा आणा, खिडकीची पातळ काच नको, ती लवचते. त्यावर 220 च्या आसपासचा काळा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा. दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत पेपरवर घासा. मधल्या रेघा उरल्या तर दगड अजून खोलगट आहे. झाल्यावर दगडाच्या कडा थोड्या मारून घ्या, टोकदार कडेवर पातं अडकलं तर धारेला खाच पडते. मग दगड नळाखाली नीट धुवा. पेपरचा सुटलेला एखादा जाड कण राहिला तर पुढचं काम तोच बिघडवतो.

आता 1000 नंतर काय? तुम्ही थेट 12000 वर उडी मारता, तिथेही गडबड आहे. 1000 च्या दगडातले कण साधारण 14-15 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), 12000 चे एकाच्या आसपास. एवढे खोल ओरखडे इतक्या बारीक दगडाने काढायचे तर रात्र सरेल. मधे 4000-5000 चा एक आणि 8000 चा एक दगड हवा. दगडांवर आणखी खर्च नको असेल तर लॅपिंग फिल्म घ्या, म्हणजे अॅल्युमिनाचे मोजूनमापून कण बसवलेला प्लास्टिकचा कागद. 5, 3 आणि 1 मायक्रॉनचा एकेक ताव आणा, ओल्या काचेवर बुडबुडे न ठेवता चिकटवा आणि अगदी हलक्या हाताने फेऱ्या मारा. तीच काच दोन्ही कामांना चालते. शिकणाऱ्याला मी फिल्मच सुचवतो, कारण ती सपाट करायची भानगड नाही. बेल्जियमच्या आर्देन भागात खाणीतून निघणारे पिवळसर कोटिक्यूल दगड, जपानी नैसर्गिक दगड, हे सगळं फार देखणं आहे. पण त्या गल्लीत एकदा शिरलात की दाढी बाजूला राहील.

पाठीवर इन्सुलेशन टेप लावावी का, यावर या छंदातली माणसं हमरीतुमरीवर येतात. टेपने पाठ झिजत नाही, कोन साधारण एका अंशाने वाढतो, त्याने दाढीत फरक पडत नाही. आजोबांच्या वस्तऱ्याच्या पाठीवर नक्षी किंवा सोनेरी काम असेल तर लावा, नसेल तर राहू द्या. लावलीत तर सगळ्या दगडांवर लावा, मधेच काढू नका, आणि झिजली की बदला.

पट्टा आणि पेस्ट. हिरवी पेस्ट म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासची. बाजारातल्या हिरव्या कांड्यांत मात्र बऱ्याचदा जाडसर अॅल्युमिनाही मिसळलेला असतो. पेस्ट धार घडवत नाही, घडलेली थोडी गुळगुळीत करते. लागलेल्या धारेला दहा-बारा फेऱ्या पुरतात. जास्त मारल्या तर धार गोल होत जाते, कारण चामडं दबतं आणि धारेभोवती वर येतं. तुमच्या पट्ट्यावर पेस्ट आधीच फासली असेल तर तो पेस्टचाच ठेवा आणि रोजच्यासाठी दुसरा कोरा आणा. रोज दाढीआधी कोऱ्या पट्ट्यावर, कापडी बाजू असेल तर आधी तिच्यावर वीसेक आणि मग चामड्यावर चाळीस-पन्नास फेऱ्या. इथे दिशा उलटी. पाठ पुढे, धार मागून ओढत आणायची, आणि शेवटी उलटताना पाठीवरच उलटायचं. धारेवर उलटलात की पट्टा कापला म्हणून समजा. पट्टा ताणून धरा, झोळीसारखा सोडू नका. सिनेमातल्या न्हाव्यासारखा फटाफट वेग आणायचाही मोह नको, सावकाश मारलेल्या फेऱ्याही तेवढंच काम करतात.

यावरून तळहाताचं. बाबा खरं सांगतायत. वस्तरा पट्ट्यानंतर तळहातावर फिरवायची पद्धत जुन्या कारागिरांत होतीच, आणि ती नुसती ऐट नव्हती. तळहाताची कातडीही शेवटी चामडंच, तिला थोडं तेलही असतं. पण हे त्यांनी हजारो दाढ्या केल्यावर. तुम्ही सध्या पट्ट्यावर थांबा.

पट्ट्याने भागतं तर पुन्हा दगड कशाला, असाही प्रश्न पुढे पडेल. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दाढी करताना पात्याचं काय होतं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. केस पोलादापेक्षा जवळपास 50 पट मऊ, तरी धार नुसती घासून गोल होत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस धारेशी तिरका वाकतो आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे चीर धरते. त्यांचं काम फेकायच्या रेझरच्या पात्यांवर होतं, पण केस तेच आणि धारही तितकीच पातळ. पट्टा वळलेली धार सरळ करतो, उडालेला टवका भरून काढत नाही. म्हणून काही महिन्यांनी, वस्तरा ओढायला लागला की, सगळ्यात बारीक दगडावर किंवा 1 मायक्रॉनच्या फिल्मवर थोड्या फेऱ्या. 1000 वर पुन्हा जायची वेळ खाच पडल्याशिवाय येऊ नये.

आता मुठीकडे वळतो, कारण तुम्ही विचारलं नाहीत तरी मला तिचीच जास्त काळजी आहे. अंगठ्याने मूठ जोरात चोळून गरम करा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर ते हस्तिदंत नव्हे, सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक आहे. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच. हस्तिदंतासारखं दिसावं म्हणून त्यात समांतर रेघाही घालत, आणि त्या जितक्या एकसारख्या तितका संशय पक्का. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लधर्मी वाफ सुटते आणि मिटलेल्या पात्याला तीच आधी खाते. मुठीच्या बाजूनेच ठिपके पडलेत म्हणता, तर चिपळूणच्या दमट हवेइतकाच वहीम मला या मुठीचा आहे. मुठीला बारीक भेगा पडल्या असतील, ती चिकट किंवा ठिसूळ झाली असेल, तर ती बदलायला लागेल. तोवर वस्तरा बंद डबीत ठेवू नका, उकळत्या पाण्यात घालू नका, आणि आगीजवळ तर अजिबात नेऊ नका, सेल्युलॉइड भपकन पेटतं. निर्जंतुक करायचं असेल तर पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, बोळा मुठीला लावू नका. गंजाचे वरवरचे ठिपके 1000-2000 चा वॉटर पेपर तेलात भिजवून हलके काढा, कोरलेल्या अक्षरांपासून लांब राहून. धारेलगतचे खड्डे पेपरने जाणार नाहीत, ते दगडावरच जातील किंवा राहतील. पावसाळ्यात दाढी झाली की पातं टिपून, पट्ट्यावर दोन-चार हात मारून कोरडं करा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब बोटाने फिरवा.

‘सोलिंगेन’ हे नाव कोणीही छापू नये म्हणून जर्मनीत 1938 मध्येच कायदा झाला. परदेशात नकला निघाल्याच. पण तुमच्या आजोबांनी तो बरीच वर्षं वापरला असेल तर पाठ आणि उतार झिजलेले दिसतील, आणि झिजेपर्यंत वापरलेला वस्तरा सहसा वाईट पोलादाचा नसतो.

वहिनींना सांगा, धारवाल्याकडे विळी, कात्री, सुऱ्या खुशाल द्या, वस्तरा नको. त्याचं कोरडं फिरतं चाक त्या पातळ धारेला क्षणात तापवतं. पोलाद निळं पडलं की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरलं, मग तो भाग कितीही घासा, धार टिकणार नाही. शिवाय पाठ-धारेचा जुळवलेला कोन चाकावर एका घासात जातो, तो परत आणायला अर्ध पातं खर्ची पडेल.

त्यापेक्षा चिपळूणमध्ये साठी-सत्तरीतले सलूनवाले काका शोधा. आता सगळीकडे ब्लेड मोडून अर्ध लावायचा वस्तरा असतो, आणि एकाच पात्याने कावीळ, एचआयव्ही पसरू नये म्हणून ते योग्यच आहे. पण त्या पिढीतल्या अनेकांनी उमेदवारी दगड-पट्ट्यावरच केलीय. चहा पाजून त्यांच्याकडून एकदा हात बघून घ्या. त्यांचा भार किती हलका असतो ते व्हिडिओत कळत नाही. आणि जमलं तर आजोबांचा वस्तरा थोडे दिवस बाजूला ठेवून जुन्या बाजारात एखादा वापरलेला, गंज कमी असलेला वस्तरा सरावाला घ्या. ऑनलाइन मिळणारे नवे, स्वस्त, चकचकीत वस्तरे मात्र टाळा. त्यातल्या बऱ्याच पात्यांच्या पोलादाला पाणीच दिलेलं नसतं, मग दोष दगडाचा की हाताचा हे कधी कळणारच नाही.

1 मायक्रॉनवरून पातं उतरलं, पट्टा झाला, की कोमट पाण्याने चेहरा पाच मिनिटं भिजवा, भरपूर फेस करा आणि पहिल्या दिवशी फक्त गाल. एका हाताने कातडी ताणून, पातं गालाशी 30 अंशांच्या आसपास कलतं ठेवून, केसांच्या दिशेनेच. ओढल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, थांबा, पुन्हा दिव्याखाली बघा आणि दाढी रोजच्या रेझरने पुरी करा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. तुरटीचा खडा जवळ ठेवा. हनुवटी आणि ओठाच्या वरची जागा ही सगळ्यात अवघड, तिथे दोन्ही गाल चार-सहा वेळा न ओढता झाल्याशिवाय जायचं नाही.